खोलात गेल्यावर सिग्नल का मरतो, आणि तो कितपत परत मिळवता येतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर तुम्हाला लगेच कळेल. उसाच्या मुळांचे आडवे सेक्शन, म्हणजे पातळ काप, तुम्ही व्हायब्रेटोमवर, म्हणजे कंप पावणाऱ्या पात्याच्या यंत्रावर, साधारण दीडशे मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचे कापलेत. मायकोरायझा, म्हणजे मुळांत राहणारी सहजीवी बुरशी, दिसावी म्हणून डब्ल्यूजीए-अॅलेक्सा ४८८ लावलंय (बुरशीतल्या कायटिनला चिकटणारं प्रथिन, त्याला हिरवा चमकणारा रंग जोडलेला), पेशीभित्तींसाठी लाल चमकणारं प्रोपिडियम आयोडाइड. सेक्शन पीबीएस या क्षारांच्या पाणीदार द्रावणात माउंट करून ६३एक्स ऑइल ऑब्जेक्टिव्हने (तेलाचा थेंब लावून वापरायचं भिंग) कॉन्फोकलवर, म्हणजे लेझरने एकेक थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, झेड-स्टॅक, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या थरांच्या चित्रांच्या चळती, घेतले. वरचे थर लख्ख दिसतात आणि ऐंशी-शंभर मायक्रॉनला हिरवा सिग्नल जवळपास विझतो. तुमच्या सरांचं म्हणणं, खाली बुरशीच कमी असेल. तुम्हाला वाटतं हा सूक्ष्मदर्शकाचा खेळ आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की फिजी या चित्र मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं करेक्शन लावलं म्हणजे सगळे थर सारखे उजळ होतील.

शेवटच्या वाक्यावर माझा आक्षेप आहे. सगळे थर सारखे उजळ करणं ही दोन क्लिकांची गोष्ट आहे, पण मग तुमचा आणि सरांचा वाद सुटण्याऐवजी कायमचा पुसला जाईल. करेक्शन म्हणजे प्रत्येक थराला एका आकड्याने गुणणं. तो आकडा काढायचा तर काहीतरी एक गोष्ट वरपासून खालपर्यंत सारखीच आहे असं गृहीत धरावं लागतं. ती गोष्ट तुमच्या सेक्शनमध्ये कोणती, आणि ती सारखी आहे असं मानायचा आधार काय, हा खरा प्रश्न आहे. सॉफ्टवेअर नंतर येतं.

सरांच्या शंकेचं आधी बघू, कारण तिचं उत्तर तुमच्या सेक्शनच्या दिशेतच आहे. मूळ आडवं कापलंय, म्हणजे सेक्शनची खोली ही मुळाच्या लांबीच्या दिशेने जाते. शंभर मायक्रॉन लांबीत बुरशी एखाद्या ठिकाणी कमी होईल, एखाद्या ठिकाणी वाढेलही. पण प्रत्येक सेक्शनमध्ये, तो कुठलीही बाजू वर करून ठेवलेला असला तरी, दरवेळी भिंगापासून लांबच्या बाजूलाच कमी होईल? बुरशीला भिंग कुठे आहे ते कळत नाही. अख्खं मूळ आडवं ठेवून बाहेरून आत बघत असतात तर गोष्ट वेगळी होती. तिथे आर्बस्क्यूल (पेशीत शिरलेल्या बुरशीच्या झुडपासारख्या फांद्या) मुख्यतः आतल्या कॉर्टेक्समध्ये (सालीखालच्या पेशींच्या थरात) असल्यामुळे खोलीप्रमाणे खरा फरकही पडतो आणि प्रकाशाचा फरकही, दोन्ही एकमेकांत मिसळतात.

तरी तर्कावर थांबू नका, सेक्शन उलटा करून बघा. स्लाइडऐवजी दोन कव्हरस्लिपांच्या मध्ये सेक्शन ठेवायचा, कडेला सेलोटेपच्या पट्ट्यांचा स्पेसर करायचा आणि नेलपॉलिशने सील करायचं. म्हणजे तोच सेक्शन दोन्ही बाजूंनी बघता येतो. कव्हरस्लिप १.५ नंबरच्या, म्हणजे ०.१७ मिलिमीटरच्या घ्या. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळांत डब्यात पडलेल्या असतात त्या १ नंबरच्या, जरा पातळ. ऑइल भिंगाला त्याने फारसं बिघडत नाही, पण पुढे वॉटर किंवा ड्राय भिंग वापरलंत तर बिघडतं. पहिल्या बाजूने स्टॅक घ्या, उलटा करा, आणि त्याच सेक्शनच्या जवळच्या पण न बघितलेल्या भागात पुन्हा घ्या. तीच जागा घेऊ नका, ती पहिल्या स्कॅनमध्ये थोडी ब्लीच झालेली असते, म्हणजे लेझरने तिचा रंग विझलेला असतो. उलटवल्यावर आता जी बाजू भिंगाजवळ आली ती उजळ दिसली, तर कारण प्रकाशाचं आहे. पहिलीच बाजू दोन्ही वेळा उजळ राहिली, तर सर बरोबर.

तिसरीही एक शक्यता असते आणि ती मला फार वेळा दिसते: दोन्ही पृष्ठभाग उजळ आणि मधला पट्टा काळवंडलेला. हे रंग आत न शिरल्याचं लक्षण. डब्ल्यूजीए हे सुमारे ३६ किलोडाल्टनचं प्रथिन आहे. तरंगत्या सेक्शनमध्ये ते दोन्ही बाजूंनी आत शिरतं आणि मध्यापर्यंत पोचायला वेळ घेतं. प्रोपिडियम आयोडाइडचा रेणू त्यामानाने चिमुकला, म्हणून लाल चॅनेलमध्ये सगळं छान दिसतं आणि हिरव्यात मध्येच खड्डा पडतो. असा खड्डा दिसला तर गणिताच्या नादी लागू नका. स्टेनिंगची वेळ वाढवा, हवं तर रात्रभर थंडीत हलतं ठेवा, किंवा सेक्शन पातळ कापा. जिथे रंगच पोचला नाही तिथला सिग्नल गुणाकाराने येत नाही.

आता समजा उत्तर "प्रकाश" असंच आलं. त्यातही चार वेगवेगळे चोर आहेत आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय पीबीएस आणि ऑइल भिंग या जोडीवर आहे. तेलाचा अपवर्तनांक १.५१८, काचेचा जवळपास तेवढाच, आणि पीबीएसचा पाण्यासारखा १.३३. १.४ एनएचं भिंग (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप) असं गृहीत धरून घडवलेलं असतं की नमुन्यापर्यंत सगळीकडे तेलासारखंच माध्यम आहे. पाण्यात शिरल्यावर भिंगाच्या कडेकडून येणारे किरण आणि मधले किरण एका बिंदूत मिळत नाहीत. याला स्फेरिकल अॅबरेशन म्हणतात आणि ते खोलीबरोबर वाढत जातं. फोकसचा बिंदू पसरतो, पसरलेला प्रकाश पिनहोलमध्ये, म्हणजे डिटेक्टरसमोरच्या बारीक छिद्रात, मावत नाही, आणि सिग्नल पडतो. ओळखायची खूण अशी: स्टॅकचा एक्सझेड छेद, म्हणजे खोलीच्या दिशेने उभा काप, काढून एखादी आडवी पेशीभित्त बघा. खाली जाल तशी ती नुसती फिकट न होता उभ्या दिशेने जाडही होत असेल, तर हेच. याचा एक आनुषंगिक घोटाळाही आहे. स्टेज शंभर मायक्रॉन सरकली तरी पाण्यातला फोकस तेवढा सरकत नाही. साध्या हिशेबाने १.३३ भागिले १.५२, म्हणजे सुमारे ८८ मायक्रॉनच, आणि एवढ्या मोठ्या एनएला त्याहूनही कमी. तुमची "ऐंशी-शंभर मायक्रॉन" खोलीही म्हणूनच खरी नाही. आकारमान मोजणार असाल तर हे लक्षात ठेवा.

याला उपाय सॉफ्टवेअरचा नाही, माउंटिंगचा आहे. एकतर वॉटर इमर्शन भिंग घ्या, किंवा सेक्शन तेलाच्या जवळ न्या. ८० टक्के ग्लिसरॉल १.४४ च्या आसपास जातं, शुद्ध ग्लिसरॉल १.४७. थायोडायइथेनॉल पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून थेट १.५२ पर्यंत जाता येतं, पण एकदम टाकू नका, पायरीपायरीने प्रमाण वाढवा, नाहीतर ऊतक आक्रसतं. आणि आपल्या रंगाची चमक त्यात टिकते का ते एका सेक्शनवर आधी तपासा. यातलं काहीच शक्य नसेल तर २०एक्सचं कमी एनएचं भिंग वापरा. बारकावा कमी मिळेल, पण हा दोष एनएबरोबर फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे खोलवरचा सिग्नल कधीकधी ६३एक्सपेक्षा २०एक्सने जास्त विश्वासार्ह मिळतो. हे ऐकून लोक नाराज होतात. ६३एक्सचं चित्र प्रबंधात भारी दिसतं ना.

दुसरा चोर म्हणजे ऊतकातच प्रकाश विखुरणं आणि शोषला जाणं. उसाच्या मुळात कॉर्टेक्समध्ये हवेच्या पोकळ्या असतात. हवेचा अपवर्तनांक १, शेजारच्या पेशीचा १.३५ च्या पुढे, म्हणजे प्रत्येक पोकळीची कड हा एक छोटा आरसाच. त्यात जुन्या मुळांत फिनॉलिक द्रव्यांचा तपकिरी रंग. इथे लेझर नुसता वाढवत नेणं म्हणजे पावसाळ्यात पन्हाळ्याच्या रस्त्यावर धुक्यात अप्पर लाइट मारणं. आधी धुकं कमी करा. सेक्शन द्रावणात ठेवून डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूम दिला की बरीच हवा निघते. मायकोरायझावाल्यांची मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून निवळ करायची पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच, फिलिप्स आणि हेमन यांनी १९७० मध्ये ट्रिपॅन ब्लू या रंगाबरोबर दिलेली. ती तुम्ही या सेक्शनला का लावली नाही ते प्रश्नात लिहिलेलं नाही. कायटिन त्यात टिकतं आणि नंतर डब्ल्यूजीए व्यवस्थित बसतं, फक्त क्षार पूर्ण धुऊन पीबीएसमध्ये आणायचं. मुळं फार गडद असतील तर क्षारयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडने थोडा रंग उतरवा. तुम्हाला जीएफपीसारखं फ्लुरोसंट प्रथिन टिकवायचं असतं तर मी ही वाट सांगितली नसती. मग क्लिअरसी हे २०१५ मध्ये वनस्पतींसाठीच प्रसिद्ध झालेलं द्रावण बघा म्हटलं असतं.

तिसरा, ब्लीचिंग. कॉन्फोकल एका वेळी एकाच थराचं चित्र देतो, पण लेझरचा शंकू सगळ्या जाडीतून जातो. म्हणजे पहिल्या थराचा स्कॅन चालू असताना शंभरावा थरही भाजत असतो. वरून खाली स्कॅन केलं की शेवटचा थर आधीच सर्वांत जास्त भाजलेला, आणि हे हुबेहूब खोलीतल्या घटीसारखं दिसतं. तपासायला सोपं आहे: नव्या जागी खालून वर स्कॅन करा. शिवाय एकच स्टॅक लागोपाठ दोनदा घेऊन थराथराची तुलना करा. दुसऱ्या खेपेला सगळं पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तर चालेल, तीस-चाळीस टक्क्यांनी उतरलं तर लेझर कमी करा.

चौथा किरकोळ, पण आपल्या भागात विसरू नये असा: लेझर आणि वीज. यंत्र चालू करून अर्धा-पाऊण तास तरी गरम होऊ द्या. चाळीस मिनिटांच्या स्टॅकमध्ये लेझर हळूहळू उतरला तरी आलेखावर तो खोलीसारखाच दिसतो. जाता जाता, जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ऑब्जेक्टिव्हवर बुरशी धरते. त्याने सगळा स्टॅकच मळकट दिसतो, खोलीशी संबंध नसतो. भिंग पुसून बघायला पैसे लागत नाहीत.

एवढं करूनही घट राहतेच, कमी झालेली. तिथे करेक्शनची जागा आहे.

शक्य असेल तर ते चित्र घेतानाच करा. बहुतेक कॉन्फोकलच्या सॉफ्टवेअरमध्ये खोलीनुसार लेझर पॉवर किंवा गेन (डिटेक्टर आलेला सिग्नल किती पट वाढवतो ते) वाढवायची सोय असते. मोजमाप करायचं असेल तर लेझर वाढवा, गेन नको. लेझर वाढवला की जास्त फोटॉन येतात आणि फार प्रखर नसेल तोवर सिग्नल त्याच प्रमाणात वाढतो. गेन वाढवल्याने एकही फोटॉन जास्त येत नाही, आणि फोटोमल्टिप्लायरमध्ये (प्रकाश मोजणाऱ्या डिटेक्टरमध्ये) व्होल्टेज आणि सिग्नल यांचं नातं सरळ रेषेचं नसल्याने नंतर हिशेब लागत नाही. खालच्या थरांना लाइन अॅव्हरेजिंग, म्हणजे तीच ओळ अनेकदा स्कॅन करून सरासरी घेणं, वाढवणं हा माझा आवडता मार्ग आहे. उजळपणा तोच राहतो, नॉइज कमी होतो. वेळ जातो आणि ब्लीचिंग वाढतं, हे त्याचं मोल.

स्टॅक आधीच घेतलेले असतील, पुण्याच्या कॉन्फोकलचा पुढचा स्लॉट महिन्याने असेल, तर नंतरचं करेक्शन आलंच. त्यासाठी वरपासून खालपर्यंत सारखी असलेली गोष्ट तुमच्याकडे आहे: आडव्या सेक्शनमधल्या पेशीभित्ती. त्या खोलीच्या दिशेने उभ्या उतरतात, म्हणजे तीच भित्त तुम्हाला थराथरात मोजता येते. लाल चॅनेलमध्ये काही भित्तींवर हाताने आरओआय (मोजायच्या भागाच्या चौकटी) काढा आणि फिजीच्या स्टॅक्स मेनूतलं प्लॉट झेड-अॅक्सिस प्रोफाइल चालवा. अख्ख्या चित्राची सरासरी घेऊ नका, तिच्यात पोकळ्याही येतात. ठरावीक थ्रेशोल्ड (उजळपणाची किमान मर्यादा) लावून वरचे पिक्सेलही निवडू नका. खाली फक्त सर्वांत उजळ पिक्सेलच थ्रेशोल्ड ओलांडतात, त्यामुळे सरासरी खोटी चांगली येते.

प्रोफाइल काढण्याआधी बॅकग्राउंड वजा करायचं. इथेच सर्वांत जास्त चित्रं बिघडतात, म्हणून आकड्यांत सांगतो. समजा डिटेक्टरचा पाया, म्हणजे सिग्नल नसतानाही येणारा आकडा, २०० आहे. वर भित्तीचा खरा सिग्नल २०००, म्हणजे चित्रात २२००. शंभर मायक्रॉनला खरा सिग्नल ५००, चित्रात ७००. वजाबाकी न करता २२०० ला ७०० ने भागलं तर गुणक ३.१४ येतो. गुणल्यावर खालचं चित्रही बरोब्बर २२०० दिसतं आणि आपण खूश. पण आत बघा: खरा सिग्नल १५७० च झाला, एकवीस टक्क्यांनी कमी, आणि पाया २०० वरून ६३० वर गेला. वजाबाकी करून गुणक काढला तर तो ४ येतो, जो खरा आहे. पाया प्रत्येक थरात ऊतकाबाहेरच्या रिकाम्या जागी मोजा. रंग न लावलेल्या सेक्शनचा एक स्टॅकही त्याच सेटिंगवर हवाच, कारण लिग्निन (भित्तींना कठीण करणारं द्रव्य) स्वतःच चमकतं आणि झायलेमचा, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचा, तो हिरवा उजेड बुरशीच्या खात्यात जमा होतो.

मग वक्र बसवा. उदाहरणातले आकडे दर पन्नास मायक्रॉनला निम्मे होतात: २०००, १०००, ५००. असा घसरणारा वक्र घातांकी असतो. दर मायक्रॉनला घटीचा गुणांक ०.०१३९, आणि त्यावरून प्रत्येक थराचा गुणक मिळतो. प्रत्येक थराचा वेगळा गुणक काढण्यापेक्षा असा एकच गुळगुळीत वक्र मी पसंत करतो, त्यात एखाद्या थरातल्या योगायोगाचा परिणाम पसरत नाही. पण बिंदू वक्रावर बसतायत का ते डोळ्यांनी बघा. स्फेरिकल अॅबरेशन जोरात असेल तर ते घातांकी वागतच नाही. गुणाकार करण्याआधी स्टॅक ३२ बिटमध्ये न्या, म्हणजे अपूर्णांक आणि मोठे आकडे कापले जात नाहीत. वरच्या थरांत ४०९५ ला, म्हणजे १२ बिट चित्राच्या कमाल आकड्याला, टेकलेले पिक्सेल असतील तर ते मोजणीतून काढा, तिथे खरा आकडा केव्हाच हरवलाय.

फिजीतलं ब्लीच करेक्शन अनेकजण खोलीसाठी वापरतात. मुळात ते वेळेबरोबरच्या ब्लीचिंगसाठी आहे. त्यातला सिंपल रेशो हा वरच्यासारखाच एक गुणाकार, तोही अख्ख्या चित्राच्या सरासरीवर. हिस्टोग्राम मॅचिंग मात्र मोजमापासाठी अजिबात नको. ते प्रत्येक थरातल्या उजळपणाचं वाटप पहिल्या थरासारखं करून टाकतं, म्हणजे खाली बुरशी खरंच कमी असली तरी तो फरक गायब. त्रिमितीय चित्र दाखवायला, तंतूंचा डोळ्यांनी माग काढायला ते उत्तम आहे. मी स्वतः त्यासाठीच वापरतो.

लाल चॅनेलचा गुणक हिरव्याला जसाच्या तसा लावायचा नाही, हेही आलंच. कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून हिरवा लालपेक्षा लवकर पडतो. एका सेक्शनवर दोन्ही चॅनेलांत दिसणारी एखादी गोष्ट, झायलेमची लिग्निनयुक्त भित्त यासाठी बरी पडते, घेऊन दोघांच्या घटीचं गुणोत्तर काढा आणि तेवढी दुरुस्ती करा. इथे मी ठाम आकडा देणार नाही, तो मूळ किती जुनं, किती निवळ, माध्यम कोणतं यावर ठरतो.

आणखी एक मर्यादा: थराला एकच गुणक म्हणजे त्या थरात सगळीकडे घट सारखी, असं मानणं. मोठ्या झायलेम नलिकेखाली किंवा हवेच्या पोकळीखाली सावलीचे उभे पट्टे पडतात. एक्सझेड छेदात ते स्वच्छ दिसतात. तेवढा भाग वेगळा मोजा किंवा सोडून द्या.

आणि आता गुणाकाराने काय मिळत नाही ते. वर एका पिक्सेलला १०० फोटॉन आले तर त्यातली अनिश्चितता सुमारे १०, वर्गमुळाइतकी. खाली २५ आले तर ५. चारने गुणल्यावर खालचा पिक्सेल १०० होतो, पण अनिश्चितता २० होते. उजळपणा परत आला, खात्री निम्मीच राहिली. मग तुम्ही दोन्हीकडे एकच थ्रेशोल्ड लावून बुरशीचं क्षेत्रफळ मोजलंत, की खाली नॉइजचे ठिपकेही बुरशी म्हणून मोजले जातात. म्हणून मी स्वतःपुरता नियम केलाय: गुणक चारच्या पुढे गेला की तिथून खालचे थर मोजणीत घेत नाही. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्राचा नियम नाही. तुमचा डिटेक्टर चांगला असेल तर पाचपर्यंत जा, पण कुठेतरी रेघ मारा आणि ती सगळ्या नमुन्यांना सारखी ठेवा.

नमुन्यांच्या तुलनेचं जरा वेगळं आहे. खत दिलेल्या आणि न दिलेल्या उसाची मुळं तुम्ही ताडून बघताय. प्रत्येक सेक्शनचा घटीचा गुणांक त्याच्याच भित्तींवरून काढा, आणि मग हे गुणांक दोन गटांत वेगळे पडतायत का ते आधी बघा. एका गटाची मुळं जास्त गडद किंवा जाड भित्तींची असतील तर त्यांना करेक्शनही जास्त बसेल, आणि बुरशीतला जो फरक तुम्ही छापाल त्यातला काही भाग करेक्शनमधून आलेला असेल.

खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी हे सगळं टाळायचा प्रयत्न केला असता. प्रश्न "किती टक्के कॉर्टेक्समध्ये आर्बस्क्यूल आहेत" एवढाच असेल तर उजळपणा मोजायची गरजच नाही, आहे-नाही मोजा, आणि प्रत्येक सेक्शनचे वरचे चाळीस मायक्रॉनच घ्या. साठ-सत्तर मायक्रॉनचे जास्त सेक्शन कापले तर ते दीडशेच्या थोड्या सेक्शनपेक्षा आकडेवारीला बरे. दीडशेची जाडी खरंच लागते ती तंतू एका पेशीतून दुसरीत कसा जातो हे दाखवायला, आणि त्या चित्राला मोजमापाचा दर्जा द्यायची सक्ती कुणी केलेली नाही.

पुण्याला जाण्याआधी इथेच साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकावर रंग आत शिरलाय का आणि निवळणं पुरेसं झालंय का हे बघून घ्या. सेक्शन मधोमध उभा चिरून ताजी कड बघितली तरी मधला पट्टा फिकट आहे का ते कळतं. चार-पाच तासांचा प्रवास, त्यामुळे सील केलेल्या कव्हरस्लिपा काळ्या डब्यात, आडव्या, आणि गाडीत उन्हाच्या बाजूला नाही. स्लॉटचा पहिला स्टॅक उलटवून बघायच्या सेक्शनचा घ्या. त्याचं उत्तर आल्याशिवाय बाकीच्या सेक्शनवर वेळ घालवू नका.

प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात चार ओळी द्या: माउंटिंगचं माध्यम आणि भिंग, पाया कसा वजा केला, कुठल्या रचनेवरून गुणांक काढला, आणि कोणत्या खोलीखालचं मोजलं नाही. शेजारी करेक्शन न केलेला एक एक्सझेड छेद छापा. परीक्षक विचारतातच, आणि सरांनाही तो आधी दाखवा.